मोजणाऱ्या मॅडम

मुलुंडच्या एका उडप्याच्या हॉटेलात, भर दुपारच्या गर्दीत, इडलीचा तुकडा सांबारात बुडवत आमच्या मॅडमनी मला विचारलं, "वीर्य म्हणायला तुला एवढं जड का जातं गं?"

आवाज त्यांचा नेहमीचाच, म्हणजे पार गल्ल्यापर्यंत पोचणारा. पाणी ओतणारा वेटर जागच्या जागी थिजला आणि माझा ग्लास भरून टेबलावर वाहायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या दोन गृहस्थांनी एकदम आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घातलं.

मी नोकरीला लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. बोलता बोलता मी "ते सॅम्पल" असं काहीतरी म्हणाले होते.

"सॅम्पल रंगाचंही असतं, साबणाचंही असतं," मॅडम म्हणाल्या. "आपण वीर्य तपासतो. नाव घ्यायला लाजलीस तर मोजणार काय?"

मोजणं हाच त्यांचा जीव की प्राण. उपनगरातल्या एका संशोधन संस्थेत त्यांचा छोटासा विभाग होता आणि त्या विभागाला आयुष्यभर एकच प्रश्न पडलेला होता: पुरुषांच्या वीर्याचा दर्जा वर्षानुवर्षं घसरतोय की नाही? शुक्राणू कमी होतायत का, मंदावलेत का, त्यांची डोकी-शेपट्या वेड्यावाकड्या व्हायला लागल्यात का? मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायच्या आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने मोजणीचं यंत्र टकटक दाबत राहायच्या. पुढे पुढे तो अंगठा त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठेही चार माणसं दिसली की मांडीवर अंगठा हलायला लागायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "असू दे गं. गंजण्यापेक्षा बरा."

मी घाटकोपरची. वडील मूळचे मालवणकडचे, पूर्वी गिरणीत होते, नंतर एका ऑफिसात शिपाई. घरी मी सांगून टाकलं होतं की मी रक्त तपासते. बाबा कौतुकाने म्हणायचे, "सगळ्यांचा रगत तपासतंस, मगे माझा पण एकदा बघ मा." शेवटी एक दिवस मी खरं ते सांगितलं. बाबांनी आधी उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "आवशीक सांगू नको." आईला ते मी सांगण्याआधीच माहीत होतं. मॅडमनीच तिला फोनवर सांगितलं होतं, मी घरी आहे का विचारता विचारता.

माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा आईने सुचवलं, नोकरीचं जरा मोघम सांगू या. मॅडमना कळलं तर त्या उसळल्याच. "स्पष्ट सांग. ऐकून जो उठून जाईल तो गेलेला बरा. तुझा वेळ वाचतो." दोघंजण उठून गेले. तिसऱ्याने थोडा विचार करून विचारलं, "मग मलाही द्यावं लागेल का?" त्याच्याशी मी लग्न केलं.

मॅडम स्वतः अविवाहित. का, ते कुणी विचारायला धजावलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि तेही त्याच आवाजात.

त्यांची एक पिशवी होती. सुती कापडाची, आतून लोकर लावलेली, कमरेला बांधायची. वीर्य अंगाच्या उबेत ठेवावं लागतं आणि तासाभराच्या आत तपासावं लागतं, नाहीतर शुक्राणू मरगळतात आणि मोजणीला अर्थ राहत नाही. संस्थेत यायला लाजणारे पुरुष पुष्कळ. अशांच्या घरी मॅडम स्वतः जायच्या, दाराबाहेर जिन्यात उभ्या राहायच्या, डबी घ्यायच्या, ती पिशवीत घालून पिशवी पदराखाली बांधायच्या आणि रिक्षात बसायच्या.

एकदा भांडुपहून येताना मी बरोबर होते. एलबीएस रोडवर रिक्षा अशी अडकली की पुढे नाही, मागे नाही. मॅडम उतरल्या आणि तरातरा चालायला लागल्या, मी मागून धावतेय. सिग्नलजवळ हवालदाराने हात आडवा केला. कोणा साहेबाची गाडी जायची होती, म्हणून माणसांनाही थांबवलं होतं.

"मला सोडा," मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे जिवंत माल आहे."

हवालदाराने त्यांच्या पोटाकडे बघितलं, पांढऱ्या केसांकडे बघितलं. "आजी, काय आहे?"

मॅडमनी सांगितलं. एकही शब्द न गाळता. हवालदार इतका गोरामोरा झाला की त्याने साहेबाची गाडी थांबवून आम्हाला रस्ता ओलांडून दिला.

हे सगळं मी हसत हसत सांगते, आणि लोक हसतात. पण मॅडम म्हटलं की मला पहिल्यांदा हे आठवत नाही. मला ती काचांची भानगड आठवते.

मी नोकरीला लागले तेव्हा मॅडम प्रसिद्ध होत्या. त्यांच्या तरुणपणी या विभागात ज्या पुरुषांची तपासणी झाली होती, त्यांच्या वीर्याचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, लाकडी पेट्यांमध्ये जपून ठेवलेला होता. त्या काचा त्या वेळी मॅडमनीच तपासल्या होत्या. कितीतरी वर्षांनी त्यांनी नव्या पिढीच्या पुरुषांच्या काचा तपासल्या आणि आपल्या जुन्या आकड्यांशी त्यांची तुलना प्रसिद्ध केली. आताच्या पुरुषांत वेड्यावाकड्या शुक्राणूंचं प्रमाण कितीतरी वाढलंय, असा निष्कर्ष निघाला. पेपरवाल्यांना तेच हवं होतं. मुंबईच्या मर्दांचं काही खरं नाही, अशा मथळ्याच्या बातम्या आल्या. टीव्हीवाले आले. मॅडम जागोजागी भाषणं द्यायला लागल्या. मांडीवरचा लॅपटॉप उतरवा, प्लास्टिकच्या डब्यात गरम जेवण नेऊ नका, वगैरे. विभागाला पैसे मिळाले. माझी नोकरी त्याच पैशांतून निघालेली.

तर एक दिवस एक नवी विद्यार्थिनी शिकायला आली. मी तिला सरावासाठी एक काच दिली. तिने तपासली, आकडे मांडले आणि मॅडमना दाखवले. निम्म्याहून जास्त शुक्राणू वेडेवाकडे.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "आताच्यांचं असंच आहे."

मग त्यांनी काच हातात घेतली आणि कडेची चिठ्ठी वाचली. माझी पेटी चुकली होती. ती काच जुनी होती, त्यांच्याच तरुणपणची.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि ती काच स्वतः बघितली. अंगठा टकटक चालू. मग उठून कपाटातून त्या काळचा कागद काढला. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं की या माणसाचे बहुतेक शुक्राणू उत्तम आहेत.

"काच तीच," त्या म्हणाल्या. "डोळेही माझेच. मग बदललं काय?"

मी म्हटलं, "एखाद्या काचेत होतं असं, मॅडम."

"दुसरी दे."

दुसरीतही तेच. तिसरीतही तेच. संध्याकाळपर्यंत मॅडमच्या लक्षात आलं होतं. सुरुवातीला, जगभरच, नियम सैल होते. थोडंफार वाकडं डोकंही चांगलं धरायचे. वर्षं गेली तसे नियम कडक होत गेले आणि त्यांच्याबरोबर मॅडमची नजरही कडक होत गेली. जे शुक्राणू त्यांनी तिशीत पास केले होते, तेच त्या पन्नाशीत नापास करत होत्या. पुरुष बिघडले होते की मॅडमची नजर कडक झाली होती, हे आता कोण सांगणार?

"एका दिवसाच्या कामावर विश्वास ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून सगळ्या."

आणि खरोखर सगळ्या. ज्यांचा रंग उडाला होता तेवढ्या बाजूला काढल्या. उरलेल्या जुन्या काचा आणि नव्या काचा आम्ही एकत्र मिसळल्या. कुठली जुनी, कुठली नवी हे कळू नये म्हणून संस्थेतल्या दुसऱ्या विभागाच्या माणसाकडून चिठ्ठ्यांवर कागद चिकटवून घेतले. मग मॅडम आणि मी, एकमेकींशी न बोलता, प्रत्येक काच वेगवेगळी तपासायचो. महिनेच्या महिने गेले. या काळात भाषणाची आमंत्रणं येत होती आणि मॅडम सगळ्यांना "तब्येत बरी नाही" म्हणून कळवत होत्या. तब्येत ठणठणीत होती. त्यांना जे माहीत नाही ते व्यासपीठावरून बोलायचं नव्हतं.

शेवटी कागद सोलले. आकडे दोन ढिगांत लावले. जुने पुरुष आणि नवे पुरुष यांच्यात सांगण्यासारखा काही फरक उरला नव्हता.

मॅडमनी दोन्ही बेरजा स्वतः परत करून बघितल्या. मला वाटलं रडतील. आयुष्यात ज्या एका गोष्टीने त्यांचं नाव झालं होतं, ती गोष्ट टेबलावर मरून पडली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "किती सुंदर चुकलो गं आपण! चहा सांग."

त्याच सुमारास घाटकोपरला डॉक्टरांच्या एका मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला होता. मॅडमची निवृत्ती जवळ आली होती आणि विभागाच्या पैशांची नवी मंजुरीही त्याच महिन्यात व्हायची होती. मंजुरी देणारे एक साहेब सत्काराला पहिल्या रांगेत बसणार होते.

मी हळूच म्हटलं, "मॅडम, हे आत्ताच सांगायला हवं का?"

"मग कधी? माझ्या शोकसभेत?"

हॉल भरलेला. अध्यक्षांनी मॅडमना शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. मॅडम माइकसमोर उभ्या राहिल्या. शाल खांद्यावर, नारळ हातात.

"ज्या शोधासाठी तुम्ही मला ही शाल दिलीत," त्या म्हणाल्या, "तो चुकीचा आहे. चूक माझी आहे. ती कशी झाली ते सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. काच, चिठ्ठी, सैल नियम, कडक नजर, सगळं. स्वतःच्या चुकीबद्दल इतक्या उत्साहाने बोलणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. मध्येच त्यांनी नारळ खाली ठेवला, कारण हातवारे करता येत नव्हते.

शेवटी मागून एका डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, काळजीचं काही कारण नाही? पुरुष ठीक आहेत?"

"असं मी म्हटलेलं नाही. काचांपुरतं बोलले. शुक्राणूंची संख्या घटली की नाही, ते मला माहीत नाही. तेव्हा मोजणारे हात वेगळे, साधनं वेगळी, आणि ते वीर्य केव्हाच मोरीत ओतून झालंय. परत मोजता येत नाही."

"पण परदेशात तर घसरण झालीय म्हणतात."

"झाली असेल. त्यांचं ते बघतील. मला माझं माहीत नाही."

मग त्यांनी शाल काढली, नीट घडी केली आणि अध्यक्षांपुढे धरली. अध्यक्ष भांबावून गेले. घ्यावी तर अपमान, न घ्यावी तर तोही अपमान. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, राहू द्या ना, थंडी आहे." घाटकोपरला थंडी! हॉल हसला, मॅडमही हसल्या. पहिल्या रांगेतले साहेब मात्र हसले नाहीत.

मंजुरी मिळाली नाही. विभाग गुंडाळला गेला. मला दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळालं. मॅडम निवृत्त झाल्या आणि सगळ्यांना वाटलं, आता घरी बसतील, झाडांना पाणी घालतील.

महिन्याभरात त्यांचा फोन. "जागा मिळालीय. ये."

मुलुंड पूर्वेला त्यांच्या एका मैत्रिणीची पॅथॉलॉजी लॅब होती. तिने मागची एक खोली दिली होती. मॅडमनी तिथे सूक्ष्मदर्शक मांडला होता आणि नवं काम आखलं होतं. निरोगी पुरुष घ्यायचे. दर काही वर्षांनी त्याच पुरुषांना परत बोलवायचं आणि त्याच वेळी तेव्हाच्या तरुणांनाही घ्यायचं. मोजणी एकाच पद्धतीने, एकाच साधनाने. प्रत्येक काचेचा फोटो ठेवायचा, म्हणजे पुढच्या कोणाची नजर बदलली तर ताडून बघता येईल.

मी मनात हिशोब केला. "मॅडम, याचं उत्तर यायला…"

"हो, मी नसेन तेव्हा. तू असशील." मला विचारण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. "आणि तुझ्यानंतर कोण, ते तू शोध."

मी हो म्हटलं, असं मला आठवत नाही. मी दुसऱ्या दिवसापासून हॉस्पिटलची पाळी संपली की तिथे जायला लागले, एवढं आठवतं.

आता पुरुष आणायचे कुठून? मॅडमचं म्हणणं, मुंबईतला भाडेकरू टिकत नाही, पण मुलुंडचा फ्लॅटमालक जागचा हलत नाही. म्हणून त्या स्वतःच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला गेल्या आणि मला बरोबर नेलं. टाकीची गळती झाली, पार्किंगवरून भांडण झालं, लिफ्टवरून झालं. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय आले, तशा मॅडम उठल्या.

"मला या सोसायटीतल्या सगळ्या पुरुषांचं वीर्य हवंय," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरी लालबुंद झाले. "मॅडम, प्लीज! इथे लेडीज आहेत!"

"मी पण लेडीजच आहे." मॅडम पुढे बोलत राहिल्या. काय करायचंय, का करायचंय, आधी त्या कुठे चुकल्या होत्या, सगळं. "तुम्हाला तुमचा रिपोर्ट मिळेल. नाव कोणालाही कळणार नाही. पण मोठ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळणार नाही. ते तुमच्या नातवाला मिळेल. तरीही परत परत यावं लागेल. जमणार असेल त्यानेच यावं."

कोणी हलेना. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या एका आजीबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. "ह्यांचं घ्या हो. घरी बसून नुसता पेपर वाचतात."

नवरा म्हणाला, "अगं, माझं वय काय!" आणि सगळा हॉल हसत सुटला. सेक्रेटरीसुद्धा तोंड फिरवून हसले. आजोबांचं घेता आलं नाही, पण त्यांच्यामुळे दार उघडलं. पुढचे कितीतरी दिवस पुरुष एकेकटे यायचे, इकडेतिकडे बघत. दोघं समोरासमोर आले तर एक म्हणायचा, "शुगर चेक करायला आलो." दुसराही शुगरच चेक करायला आलेला असायचा. मॅडम कोणाला कधी ओळख दाखवत नसत. सोसायटीच्या जिन्यात भेटला तरी नाही. हॉटेलात गरजणाऱ्या मॅडमच्या तोंडून एकाही माणसाचं नाव कधी बाहेर पडलं नाही.

वर्षं गेली. माझी मुलगी शाळेत जायला लागली. मॅडमच्या डोळ्यांच्या मध्यभागी अंधार यायला लागला आणि त्यांनी एका दिवसात सूक्ष्मदर्शकावरून उठून ती खुर्ची मला दिली. त्यानंतरही रोज यायच्या, नव्या मुलींना शिकवायच्या, कान देऊन टकटक ऐकायच्या. "घाई करतेयस," म्हणायच्या. "परत मोज."

मग हृदयाने दगा दिला आणि येणं बंद झालं. घरी पलंगावर, नाकात ऑक्सिजनची नळी, सोबतीला दिवसभर एक मावशी. दुसरी फेरी तेव्हा नुकतीच संपली होती. पहिल्या फेरीचे आकडे आणि दुसरीचे, शेजारी शेजारी ठेवून आम्ही पाहिले होते. मी दुपारी त्यांच्याकडे गेले.

"मॅडम, दुसरी फेरी झाली. आकडे बघितले. सांगू?"

त्यांनी डोळे मिटले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. आयुष्यभर जे कळावं म्हणून ही बाई जगली, ते माझ्या जिभेवर होतं. त्यांना ते हवं होतं, भुकेल्या माणसाला जेवण हवं असावं तसं.

"नको," त्या म्हणाल्या.

"का? आता तुम्ही कुठे मोजताय, ऐकून नजर बिघडायला?"

"दोनच फेऱ्या झाल्यात गं. दोन ठिपके दिले की कोणीही रेघ ओढतो. मी ऐकलं तर खरं धरून बसेन. मरताना चुकीचं काहीतरी खरं धरून मरायचं नाही मला." दम लागला, थांबल्या. "तिसरीनंतर सांग."

तिसरीला त्या नसणार, हे दोघींनाही माहीत होतं. मी आकड्यांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मग त्यांनीच विचारलं, "पहिल्या फेरीतले परत आले का गं? किती आले?"

"दोघं वारले," मी म्हटलं. "एक अमेरिकेला गेला होता, तो सुट्टीत आला तेव्हा देऊन गेला. बाकी सगळे आले."

त्यांनी डोळे उघडले. मध्ये अंधार होता, तरी माझ्याकडेच वळलेले. "सगळे?"

"सगळे."

"तू आणायला गेली होतीस?"

"नाही मॅडम. फोन केला, तर आपणहून आले. लाजलेसुद्धा नाहीत. एक तर त्याच्या मुलाला घेऊन आला, तरुणांच्या यादीत घाला म्हणाला."

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता खोकला, खोकता खोकता परत हसू, डोळ्यांतून पाणी. मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय झालं? काय झालं?"

"सगळे आले गं!" मॅडम म्हणाल्या.

मावशींनी दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. "कोण आलंय? चहा टाकू का सगळ्यांना?"

"टाक," मॅडम म्हणाल्या.